वरोरच्या काकीचा ॲम्प्लिफायर

‘राहू दे गं. हातचं राखून वाजवावं.’

ॲम्प्लिफायरच्या बटणाकडे कोणाचाही हात गेला, की शेजारची काकी एवढंच म्हणायची आणि त्या हातावर आपला खरबरीत हात ठेवायची. आमच्याकडे आवाज म्हणजे छातीत धडधडलंच पाहिजे, त्यामुळे आळीला ही बाई जरा विचित्रच वाटे.

काकी आमच्या वरोरच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायची. होड्या पाण्यात असतानाच त्यांना भाव कळावा, असा आवाज. घरात मात्र इतकी हळू बोलायची, की ‘चहा घेतेस?’ हेही मला दुसऱ्यांदा विचारून घ्यावं लागायचं. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, बाहेर एक आणि घरात दुसरंच.

स्पीकरची पहिली जोडी तिनं स्वतःच जाळली होती. स्पीकर मोठे, ॲम्प्लिफायर टीचभर. मुलाच्या हळदीला बटण शेवटपर्यंत पिळलं, आवाज फाटला आणि वरचे बारीक स्पीकर कायमचे गप्प झाले. दुसऱ्या खेपेला डहाणूच्या दुकानात मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, मावशी, या स्पीकरना छोटा ॲम्प्लिफायर बस झाला, मोठा लावाल तर जळतील. काकीनं दोन्हींच्या पाठी उलट्या करून ओमचा, म्हणजे विजेच्या अडथळ्याचा, आकडा जुळतोय ना ते बघितलं, मग म्हणाली, ‘मोठ्या होडीला लहान इंजिन लावून फुल पळवलं, तर काय होतं? मला ताकदीचा दे. कमी कसं वाजवायचं ते मी बघते.’

आळीतली पोरं हसायची, काकीनं कोथिंबीर आणायला ट्रक घेतला म्हणून. पण संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसलं, की बटण पाव फिरलेलं असतानाही गाणारीनं घेतलेला श्वास ऐकू यायचा. मी तर हातातलं काम विसरायची.

मग ती धुक्याची सकाळ. माझा नवरा लहान होडी घेऊन पहाटेच गेला होता. उजाडलं तसं धुकं असं उतरलं, की वाळूत स्वतःचे पाय दिसेनात. फोन लागेना. ओहोटी लागलेली, आणि आमचा किनारा खडकांचा. किनारा कुठे आहे हे त्याला कळावं म्हणून मंडळाच्या पोरांनी त्यांचा साउंड आणून फुल केला. थोड्याच वेळात नुसती खरखर, मग तीही बंद.

काकीनं स्पीकर ओट्यावर आणून तोंडं समुद्राकडे केली. माइक जोडला आणि स्पीकरच्या मागे उभी राहिली. बटणावर हात ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘आज हातचं काही राखायचं नाही,’ म्हणाली आणि बटण शेवटपर्यंत नेलं.

मग लिलाव सुरू झाला. पापलेट, घोळ, दाढा, बोला, कोण बोलतो. समोर एक मासा नाही आणि बाई पुकारतेय. माणसाच्या गळ्यातून एवढं मोठं काही निघतं, यावर आजही माझा विश्वास बसत नाही. ॲम्प्लिफायरचं खोकं हाताला गरम लागत होतं, पण आवाज फाटला नाही. काकी थांबलीही नाही.

होडी आली. नवरा उतरला. म्हणाला, ‘लिलाव ऐकला, तिकडे वळवली.’ मी काकीच्या गळ्यात पडून रडले. तिनं ओठ हलवले, मला काही ऐकू आलं नाही. चहाचंच विचारत असणार. तिचा घसा पार बसला होता. पुढचे काही दिवस लिलाव सुनेनं पुकारला.

गेल्या वर्षी काकी गेली. अंगणात माणसं मावेनात, रस्त्यापर्यंत गर्दी. पोरं म्हणाली, तिचाच ॲम्प्लिफायर फुल करून निरोप देऊ. माझा नवरा पुढे झाला. त्यानं काकीचं आवडतं गाणं लावलं, बटण पाव फिरवलं आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

अख्खा गाव इतका गप्प होता, की रस्त्यावरच्या शेवटच्या माणसालाही गाणारीचा श्वास ऐकू गेला.