खोक्यातलं घर आणि बाबांचं मनगट

बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. ते खांबावर गेले की आई घरात एका जागी टिकत नसे. भांडी घासायला घ्यायची, अर्ध्यातच उठायची, राखेचे हात तसेच धरून दारात जाऊन रस्त्याकडं बघायची. परत यायची, पुन्हा उठायची. हा चाळा तिच्याकडून माझ्यात आला. मलाही बसवत नसे. शाळेत गुरुजी म्हणायचे, हिच्या बाकाला खिळे उलटे ठोकलेत काय.

आम्ही तेव्हा आखाडा बाळापुरात, मोठ्या रस्त्याला लागून दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. ट्रक गेला की फळीवरचे पेले एकमेकांवर वाजायचे. बाबांच्या बदल्या व्हायच्या आणि आमचा संसार टेम्पोत चढायचा, उतरायचा. दर घरात आई पहिल्या दिवशी बुद्धाचा फोटो लावायला खिळा शोधायची, आणि दर घरात मालकीण सांगायची की भिंतीत खिळा ठोकायचा नाही.

म्हणून असेल, मला एक घर बनवायचं वेड लागलं होतं. अंगठ्याएवढ्या माणसांचं. मी सातवीत होते, भातुकलीचं वय सरलं होतं, पण मला भातुकली खेळायची नव्हतीच. मला ते घर करायचं होतं. खांबावर तारा बांधायला चिनीमातीचे पांढरे कप असतात, ते लाकडी खोक्यात भुसा भरून यायचे. तसला एक रिकामा खोका बाबांनी सायकलवर बांधून आणून दिला. मी तो आडवा केला, मधे पुठ्ठ्याची भिंत घातली. आत चुना आणि नीळ कालवून पोतारलं. काड्यापेट्या एकावर एक चिकटवून कपाट केलं, खणांना ओढायला टिचबटणं लावली.

आणि मग बाबा पडले.

खांबाच्या आडव्या पट्टीखाली आग्यामाश्यांचं पोळं होतं, ते खालून दिसलं नव्हतं. माश्या उठल्या तसा त्यांचा हात सुटला. शेत नांगरलेलं होतं म्हणून वाचले, असं सगळे म्हणत होते. मांडीचं हाड मोडलं आणि उजवं मनगट. आई त्यांच्यासोबत नांदेडच्या दवाखान्यात राहिली आणि मी मालकिणीकडं. त्या दिवसांत मला एका जागी बसवतच नव्हतं. दूध घालायला येणाऱ्या मावशीची वाट बघत मी रस्त्यावर उभी राहायचे. ती जवळच्या बंजारा तांड्यावरून डोक्यावर किटली घेऊन चालत यायची. हातभर पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे. तिला मी रोज एकच विचारायचे, "मावशी, मांडीचं हाड जुळतं का?"

"बैलाचं जुळतंय, तर माणसाचं काहून न्हाई जुळणार?" ती म्हणायची आणि दूध मापायची.

बाबा आले ते मांडीत सळई आणि हाताला प्लास्टर घेऊन. पुढच्या खोलीत बाज टाकली. रोज दहा गावं फिरणारा माणूस बाजेवर. पहिले काही दिवस माणसं भेटायला यायची, पोळ्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून व्हायची. मग माणसं थांबली. मग बाबा आढ्याकडं बघत राहायचे आणि कशावरही चिडायचे. चहात साखर जास्त, पंखा हळू, रेडिओ मोठा. लाइट गेली की उठून बसायला बघायचे, "कुठली लाइन गेली? कोण गेलंय बघायला?" असं हवेतच विचारायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं झालं होतं. बोटं मिटत नव्हती. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले. बाबांनी दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात फेकला. "मी काय लहान लेकरू हाय का?"

आईनं शिलाई सुरू केली होती. मशीनवर वाकूनच ती म्हणाली, "मग पोरीच्या खोक्यात हात घाला. तिथं तरी बोटं हलतील."

मला ते आवडलं नाही. खोका माझा होता. पण आईनं तो उचलून बाजेशेजारी स्टुलावर ठेवला, आणि बाबांनी मान वळवून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं माझी पुठ्ठ्याची खाट बाहेर काढली.

"हे काय हाय?"

"पलंग."

"पलंग हाय का पाट? तुझा माणूस केवढा?"

मी मातीचा माणूस दाखवला. त्यांनी तो खाटेवर आडवा केला. पाय बाहेर लोंबत होते. नंतर दरवाजात उभा केला, तर दरवाजा त्याच्या दुप्पट.

"ह्या घरात राहणारा माणूस रातच्याला पाय मुडपून झोपतो आन दिवसा हत्तीच्या दारातून जातो, व्हय?"

आई मशीनवर हसली. मला रडू आलं. पण ते बराबर बोलत होते, तेही दिसत होतं.

तिथून सुरुवात झाली. आमच्या घरात कसल्याही तारांची कमी नव्हती. जुन्या वायरींवरचं लाल, निळं, पिवळं प्लास्टिक सोलून त्यांनी नळ्या काढल्या, त्या तासून खुर्च्यांचे पाय झाले. फ्यूजची बारीक तार वळवून पाठी. त्यांच्या उजव्या हातानं वस्तू नुसती दाबून धरायची, डाव्यानं वळवायची, आणि जिथं दोन्ही हात हरायचे तिथं माझी बोटं. "धर. अजून घट्ट. सोड. काहून सोडलंस?" असं दिवसभर. बाज विणायला तीन दिवस लागले. काडीच्या चौकटीवर शिवणाचा दोरा, एकावर एक, तिरपा. खऱ्या बाजेची वीण जशीच्या तशी. ज्या बाजेवर ते पडले होते तिचीच वीण ते मान वाकडी करून बघायचे आणि मला सांगायचे.

नांदेडहून आईनं इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. त्यांची रबरी बुचं बसायचे मोढे झाले, वरच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या ताटल्या झाल्या. चूल मात्र जमेना. आमच्याकडची काळी माती, वाळली की भेगा. तीन चुली फुटल्या. मग दूधवाल्या मावशीनं सांगितलं, शेण आणि बारीक भुसा घाल आणि सावलीत वाळव. तिनंच एक दिवस कमरेच्या पिशवीतून एक चिंधी काढून दिली. चिंधी कुठली, तळहाताएवढी गोधडी होती, कवड्या नाहीत पण मधे बोटाच्या नखाएवढा आरसा, भोवती लाल-हिरवे टाके. बाबांनी ती खोक्यातल्या बाजेवर अंथरली. पहिल्यांदाच काही खोट न काढता.

पण खरी तकलीफ दरवाजाची. बाबांना उघडझाप होणारा दरवाजा पाहिजे होता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी बिजागिरी केली, तांदळाएवढी. तिच्यात टाचणी ओवायची होती. ती त्यांना स्वतः ओवायची होती, उजव्या हातानं. मला हात लावू देईनात. दुपार होती, आई ब्लाऊज द्यायला गावात गेली होती. टाचणी पडायची, मी शोधून द्यायचे. पुन्हा पडायची. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हणाले, "बाबा, द्या ना, मी ओवते."

त्यांनी हाताच्या एका फटक्यानं खोका स्टुलावरून उडवला.

तो भिंतीवर आपटला. छताची फळी उभी फाटली. कपाटाच्या काड्यापेट्या फरशीवर पसरल्या. बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा इथून."

मी चपला घातल्या आणि गेले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. स्टँडपर्यंत गेले, कळमनुरीची गाडी लागली होती, तिच्या पायरीवर पाय ठेवला आणि काढला. मग तशीच रस्त्यानं चालत सुटले. टायरची दुकानं संपली, जिनिंगचा कारखाना संपला, दोन्हीकडं कापसाच्या पऱ्हाट्या लागल्या. ट्रक शेजारून गेला की अंगावर धूळ. थांबायला भीती वाटत होती आणि चालायलाही. समोरून दूधवाली मावशी आली. कुणाच्या तरी शेतावर उसनी वैरण मागायला गेली होती, आता तांड्याकडं परत चालली होती.

"कुठं निघाली गं छोरी?"

"कुठंच नाही."

"मग चल. कुठंच जायचं असलं तर घरीबी जाता येतंय."

तिनं माझा हात धरला. तिचा तांडा रस्त्याच्या पलीकडं होता, आमचं घर पुढं गावात, पण ती वाकडी वाट करून माझ्यासोबत आली. वाटभर तिची म्हैस गाभण आहे, चारा खात नाही, हेच सांगत राहिली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. गिरणीच्या भिंतीला धरून बाबा उभे होते. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. बनियन घामानं चिकटलेलं. डॉक्टरांनी त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. ते घरातून भिंती धरत तिथपर्यंत आले होते आणि आता त्यांना पुढंही जाता येत नव्हतं, मागंही. गिरणीवाला आत दळत होता, आवाजात त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

मला बघून त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मग लगेच आवळला.

"कुठं मेली होतीस? ... खुर्ची आण. लवकर. मांडी लई दुखून राहिली."

मी गिरणीतून खुर्ची ओढत आणली. मावशीनं परक्या माणसाला हात लावायचा की नाही याचा विचार केला नाही, सरळ काखेत हात घालून बसवलं. बाबा डोळे मिटून बसले. गिरणीचं पीठ त्यांच्या केसांवर बसत होतं. तेवढ्यात समोरून आई आली, आणि ती जे बोलली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. आधी त्यांना, मग मला, मग खोक्याला.

पाय सुजला. पुन्हा नांदेड, पुन्हा हाडाचा फोटो. सळई हलली नव्हती, पण बाजेवरचा मुक्काम वाढला. मला वाटलं आता खोक्याचं नाव निघणार नाही. तो मी मोरीजवळ पालथा ठेवून दिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "छत कुठवर फाटलंय बघ. सुताराकडून सरस आण वाटीभर."

टाचणी मी ओवली. त्यांनी दरवाजा उघडून पाहिला, लावून पाहिला, आणि पुन्हा उघडला.

त्यानंतर त्यांनी वायरिंगचं काम काढलं. माझ्या मते घर झालं होतं, पण ते म्हणाले, लाइट नाही तर घर कसलं. टॉर्चचे दोन बल्ब, दोन सेल, भिंतीतून नेलेली तार. मला वाटलं बल्ब लावायचा आणि झालं. पण त्यांना आधी मेन स्विच पाहिजे होता, मग मीटरची पेटी, मग खोलीचं बटण. "आधी मेन बंद, मग हात," ते प्रत्येक वेळी म्हणायचे, जणू त्या दोन सेलनं मला शॉक बसणार होता. तार वळवता वळवता त्यांचा अंगठा तर्जनीला टेकायला लागला होता. ते आईच्या लक्षात आलं, तिनं मला डोळ्यानं खुणावलं. आम्ही दोघी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी तार खाली ठेवली असती.

दिवा लागला त्या संध्याकाळी मावशीला थांबवून घेतलं. तिनं वाकून आत पाहिलं, गोधडीवरच्या आरशात उजेड पडला होता. "आमच्या तांड्यावर अजून न्हाई लाइट सगळ्यायकडं," ती म्हणाली, "तुमच्या बाहुल्याकडं आली." बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, खांब कुठवर आलाय, किती घरं राहिलीत. ती सांगत गेली, ते बोटांवर मोजत गेले. उजव्या हाताच्या बोटांवर.

चालायला लागल्यावर ते कामावर गेले, पण खांबावर नाही. त्यांना हट्टा गावाजवळच्या सबस्टेशनवर बसायचं काम मिळालं. आम्ही पुन्हा टेम्पोत चढलो. खोका आई मांडीवर घेऊन बसली. बाबांना ते काम कधी मानवलं नाही. काटे बघायचे, आकडे लिहायचे, फोन उचलायचा. घरी आले की लंगडत अंगणात फेऱ्या मारायचे, मग खोक्यासमोर बसायचे आणि त्यात काहीतरी बदलायचे. खिडकी मोठी केली. भिंत सरकवली. पुढं मी परभणीला डी.एड.ला होते, सुट्टीत आले की घर वेगळंच दिसायचं. एकदा माझं काड्यापेटीचं कपाटच गायब होतं, जागी लाकडाचं. मी भांडले. "माझं होतं ते," मी म्हणाले.

"उधळीनं पोखरून खाल्लं," ते म्हणाले. "आन तूबी आता त्या कपाटात मावून राहिली काय?"

माझं लग्न झालं, नोकरी लागली, हिंगोलीत बिऱ्हाड झालं. घर मी मागितलं तेव्हा त्यांनी दिलं नाही. जिना व्हायचाय म्हणाले. जिना झाला, तर म्हणाले कठडा व्हायचाय.

मागच्या खेपेला मी मुलीला घेऊन दुपारच्या गाडीनं आईबाबांकडं गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं होतं. बाबा जमिनीवर पाय सरळ करून बसले होते, मुलगी खोक्यात खांद्यापर्यंत हात घालून बसली होती. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तिनं कठड्याचा तुकडा बाहेर काढला आणि त्यांच्याकडं बघितलं. मी दारातून पुढं झाले. बाबांनी तुकडा घेतला, उजेडात धरला.

"सरस कमी पडला होता माझाच," ते म्हणाले. मग मला, "बस की गं जरा. उभी काहून?"

"गाडी चुकेल," मी म्हणाले. तरी बसले, एका बाजूला, पर्स खांद्यावरच ठेवून. मुलगी तार मागत होती. आई स्वयंपाकघरातून विचारत होती की चहा टाकू का. रस्त्यावर कसलातरी हॉर्न वाजला आणि मी उठून दारापर्यंत जाऊन आले. ट्रॅक्टर होता.