संध्याकाळची मूठ

धाकटीचं माझ्या डोळ्यांत काय खुपत नाही ते विचारा, लवकर सांगून होईल. ती माझ्या दिराची बायको. आमच्या घरांमागे दोन परसं, मधे झुडपांचं कुंपण. तिच्याही कोंबड्या, माझ्याही. दिवसभर मोकळ्या चरणाऱ्या, रात्री खुराड्यात. फरक एवढाच की माझ्या कोंबड्या पोतीच्या पोती खाद्य फस्त करतात आणि तिच्या जणू हवा खाऊन अंडी घालतात. तीही मोठी, जाड कवचाची. बेकरीवाला स्वतः तिच्या दारात येतो. माझ्या दारात तो एकदाच आला होता, तिचं घर कुठलं ते विचारायला.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. येताना भाज्यांची सालं, देठ, कोबीची वरची पानं बादलीत भरून आणते. मका आदल्या दिवशी भिजत घालते, म्हणजे फुगतो आणि कमी लागतो. खाद्याचा डबा कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगते, म्हणजे पायांनी उकरून सांडता येत नाही. अंड्यांची टरफलं भाजून, चुरून परत त्यांनाच घालते. हे मला कसं ठाऊक? झुडपांतून बघून. विचारलं असतं तर तिने हसत सगळं सांगितलं असतं, आणि तेच मला नको होतं. दीर ट्रकवर असतो, आठवडा आठवडा घरी नसतो, तरी ही बया गुणगुणतच काम करते. माझा नवरा रोज घरी असतो, मला नाही सुचत गाणी.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. बोलतात कमी, पण बोलले की नेमकं लागेल असं. नवं पोतं उघडताना म्हणाले, "हे शेवटचं. याचा खर्च अंड्यांतून निघाला नाही, तर कोंबड्या धाकटीला देऊन टाकू. तिला जमतं."

तिला जमतं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विकून टाकू म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. पण माझी ठिपकी, जिला पिल्लू असताना मी ओंजळीत ऊब देऊन जगवली, ती त्या बाईच्या मागे मागे पळणार आणि मी झुडपांतून बघत बसणार?

मी कंबर कसली. डबा टांगला, मका भिजवला, टरफलं भाजली. हात आखडता घेतला तो घरातसुद्धा. संध्याकाळचा चहा बंद, बिस्किटं बंद. यांनी एकदा रिकाम्या बरणीत डोकावून पाहिलं आणि निमूट झाकण लावलं. परसातली संध्याकाळची मूठही बंद केली. दिवस मावळायला आला की खुराड्यासमोर मूठ मूठ मका फेकायची माझी सवय होती. पण दिवसभर चरून आलेल्यांना वर ही खिरापत कशाला? धाकटी अजून फेकत होती. तिची एक तरी चूक सापडली म्हणून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आणि खरंच, खाद्य उरायला लागलं. पोतं खाली जाईना. मी यांना ऐकवलं, "बघा, आता कोणाला जमतं ते." हे मान खाली घालून कुणाच्या तरी घड्याळाचा काटा पुसत राहिले.

मग अंडी कमी झाली. आधी थोडी, नंतर टोपलीचा तळच दिसायला लागला. मी मुंगसाला शिव्या दिल्या, मांजराच्या मागे काठी घेऊन धावले, मक्याला नावं ठेवली. पलीकडे धाकटीच्या ओट्यावर मात्र एकाच्या जागी दोन टोपल्या दिसायला लागल्या होत्या. पोटात असं दुखलं म्हणता!

एका संध्याकाळी परसात एकही कोंबडी दिसेना, म्हणून झुडपांशी गेले. पलीकडे धाकटी मका फेकत होती. "या गं, या!" तिच्या कोंबड्यांच्या घोळक्यात माझ्या सगळ्या होत्या. ठिपकी तर तिच्या चपलेवरच उभी. आणि ओट्याच्या पायरीवर, हातात चहाचा कप, बशीत बिस्किट घेऊन बसलेले आमचे हे.

मी झुडूप मोडूनच पलीकडे गेले. "माझ्या कोंबड्या पळवल्यास तू!"

"मी कशाला पळवू, ताई?" धाकटी म्हणाली. "आधी संध्याकाळच्या यायच्या. मग दिवसभर राहायला लागल्या, झोपायला तेवढ्या तुमच्या खुराड्यात. अंडीही माझ्याच ओट्याखाली घालतात. तुमची वेगळी ठेवलीत." तिने फडक्याने झाकलेली टोपली पुढे केली. "भाऊजींना रोज म्हणते, घेऊन जा."

मी यांच्याकडे पाहिलं.

"नेली असती," हे बिस्किटाशी बोलल्यासारखे म्हणाले, "तर इथे काय करत होतो ते सांगावं लागलं असतं."

"संध्याकाळची मूठ बंद केलीत का हो, ताई?" धाकटीने विचारलं. "बाकी कशातही काटकसर करा, तेवढी नका करू. त्या आशेवर तर घरी येतात. मी ती कधी चुकवत नाही. माझ्याकडे संध्याकाळी दुसरं कोण येतंय?" हसतच म्हणाली. तिच्या मागे स्वयंपाकघरात एकच ताट धुऊन उभं करून ठेवलेलं होतं. मी नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या संध्याकाळी मी मका फेकला आणि चहा ठेवला. कोंबड्या एकेक करून झुडपांतून आल्या. हे त्यांच्याही आधी आले. ठिपकी आली नाही. तिला धाकटी काखेत घेऊन आली.

"घ्या तुमची चुकार."

मी हात पुढे केले. ठिपकीने धाकटीच्या कोपराखाली डोकं खुपसलं. माझ्या काखेत ती कधी अशी बसली नाही, कधीच नाही.

"ठेव तिला," मी म्हणाले. आवाज उगाच चढला. "आणि उभी काय राहिलीस? चहा घे."

चहा पिऊन तिने तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "छान झालाय हो, ताई," म्हणाली.

माझी टोपली पुन्हा भरते. कोंबड्या देऊन टाकायचं यांनी परत काढलं नाही. दिली ती एकच, आणि तीही मीच. आता धाकटी रोज संध्याकाळी ठिपकीला काखेत घेऊन येते. ठिपकी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी धाकटीच्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवते, आणि समोर बसून जळते.