कूलर बंद, वर्ग चालू

उज्जैनला लोक महाकालाच्या दर्शनाला जातात; मी गेलो भाचीला अडवायला. मुक्ता युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. युद्ध पेटलं तशी परत आली आणि घरूनच ऑनलाइन शिकू लागली. पण शेवटचं वर्ष तिकडे जाऊन, रुग्णांच्या खाटेशी उभं राहूनच पुरं करायचं होतं, आणि बाईसाहेब निघाल्या होत्या. ताई फोनवर रडली, "विनू, तुझं ऐकते ती. ये." मी नाशिकहून गाडी पकडली.

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि एप्रिलच्या उन्हानं थोबाडीतच मारली. मला कपाळ पुसताना बघून रिक्षावाला हसला, "भिया, ये तो ट्रेलर है. मई में आना." टावर चौकात भाऊजी वाट बघत उभे होते. आधी पोहे, वर शेव आणि जीरावन (इकडचा चटकदार मसाला), सोबत गरम जलेबी. भांडायला आलेल्या माणसाला इतकं खायला घालू नये. माझा अर्धा जोर तिथेच गेला.

भाऊजींचं देवास गेटजवळ कूलरचं दुकान आहे. त्यांचे पूर्वज एका सरदाराच्या चाकरीत इकडे आले. काम काय, तर उन्हाळ्यात दारांना खसच्या टट्ट्या (वाळ्याचे पडदे) लावायच्या आणि दिवसभर त्यांवर पाणी मारायचं. "पणजोबा टट्टी भिजवायचे. आजोबांनी मागे पंखा ठेवला. वडिलांनी सगळं पत्र्याच्या पेटीत बसवलं. झाला कूलर!" भाऊजी हे असं सांगतात, की हवा गार करायची विद्या जगाला त्यांच्याच घराण्यानं दिली असं वाटावं. समोरच्या दुकानात आता एसी विकतात. "खिडक्या बंद करून बसायचं. वो कोई हवा है?" ते म्हणाले. तासभर बसलो, त्यांच्याकडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही.

घरी दुपारी दोन वाजता ताईनं चक्क कूलर बंद केला. तो सुरू असला की शेजारी बसलेल्याचंही बोलणं कळत नाही, आणि आतल्या खोलीत मुक्ताचा वर्ग सुरू व्हायचा होता. मग ताई आणि भाऊजी घामानं निथळत गप्प बसून राहिले. म्हणे, रोजचंच आहे. मी वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागलो, तर त्या फडफडीवरून मुक्तानं आतून डोळे वटारले. मी आत जाऊन लॅपटॉपच्या पडद्यावर डोकावून पाहिलं. तिला शिकवणाऱ्या लारिसा मॅडम, साठीच्या, हॉस्पिटलच्या तळघरात जाड कोट आणि लोकरी टोपी घालून बसलेल्या. तिकडे थंडी सरली नव्हती आणि वीज गेली होती. बॅटरीच्या उजेडात त्या यकृताचे आजार शिकवत होत्या. मधेच सायरन वाजला. त्या उठल्या, वरच्या रुग्णांना खाली घेऊन आल्या आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

संध्याकाळी क्षिप्रेच्या घाटावर मी मुक्ताला गाठलं आणि प्रवासात जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मामा, तुम्ही गलत नाही बोलत. पण मॅडम रोज तिथे उभ्या आहेत ना? त्या शिकवू शकतात, तर मी जाऊन शिकू नाही शकत? अर्धी डॉक्टर होऊन मी करू काय, बोला ना."

तिचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोनला कूलर बंद झाला. आम्ही बसून राहिलो. आतून मॅडमचा आवाज येईना. कधी कधी उशीर होतो, असं ताईनं खुणेनंच सांगितलं. बऱ्याच वेळानं मुक्ता बाहेर आली आणि कुणाकडे न बघता तिनं कूलरचं बटण दाबलं.

"अगं, क्लास?" भाऊजींनी विचारलं.

"ग्रुपवर मेसेज आला, बाबा. हॉस्पिटलवर मिसाइल पडली. मॅडम गेल्या."

ती ताईच्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली आणि कूलरच्या घरघरीत ते रडणं आम्हाला नीट ऐकूही येईना. भाऊजींनी उठून तो बंद केला.

संध्याकाळी तिनं भरलेल्या बॅगेतले स्वेटर काढून कपाटात ठेवले. "नाही जात मी," म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं.

निघताना स्टेशनवर ताईनं माझा हात धरला. "तू आलास म्हणून मानली रे ती." भाऊजी दुसरीकडे बघू लागले. मुलगी कशानं थांबली हे ताईलाही ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायचं कसं? मीही मान डोलावली.

नाशिकला दारातच बायकोनं विचारलं, "झालं का काम?"

"झालं," मी म्हणालो. मुक्ता सुखरूप घरी आहे, याहून मला दुसरं काय हवं होतं? तरी जिचं आडनावही मला माहीत नाही, त्या बाईसाठी मी बूट न काढताच खाली बसलो आणि हमसून रडलो.