आबाजीरावांनी सोडलेला विडा

श्री. आबाजीरावांची नि माझी ओळख भांडणातून झाली. कुंभकोणमला माझा रेशीम रंगवण्याचा धंदा. उरलेले रंगपाणी आम्ही रंगारी पाटात सोडत असू, आणि साक्कोट्टैकडचे पानमळे त्याच पाटावर. वेली पिवळ्या पडू लागल्या तेव्हा मळेवाले आमच्या भट्ट्या बंद पाडायला आले. मध्ये उभे राहिले ते अर्थशास्त्र शिकवणारे आबाजीराव. मी तावातावाने विचारले, "मास्तर, रंगाशी तुमचा संबंध काय?" तोंडातला विडा सांभाळत ते म्हणाले, "पानाशीं आहे कीं."

पाट आठवड्याला रंगपाण्याच्या किती कढया सोसेल ते त्यांनी दोन्ही बाजूंकडून ठरवून घेतले आणि तेवढेच पितळी बिल्ले आम्हांत वाटले. एका बिल्ल्याला एक कढई. ज्याला नको त्याने दुसऱ्याला विकावा. मला तो पुस्तकी खुळेपणा वाटला. पण एकच रंगपाणी दोनदा वापरायला शिकलेल्यांकडे बिल्ले उरू लागले, ते विकून चार पैसेही सुटू लागले, आणि पाट निवळला. दंडाच्या धाकाने आम्ही एवढे शहाणे झालो नसतो.

मग लग्नसराईत मी हावरटपणा केला. सगळ्यांचे बिल्ले विकत घेतले आणि आठवड्याच्या कढया एकाच दिवशी सोडल्या. नियम एकही मोडला नव्हता. पाटाच्या टोकाचा मुत्तय्यांचा मळा मात्र करपला.

बैठकीत सगळ्यांची बोटे माझ्याकडे वळली. तेव्हा मास्तर उठले. "म्यां कढया मोजल्या, दिवस मोजले नाहींत. चूक माझी." त्याच दिवसापासून बिल्ल्यांवर वार कोरले जाऊ लागले. मुत्तय्यांना ते म्हणाले, "तुमच्या वेलीस पान येईतों मज पान नको." जेवणानंतर ते लवंग चघळत बसत. त्यांच्यासमोर मला विडा उचलवत नसे. लाज वाटून मी मुत्तय्यांच्या मळ्यात नव्या वेलींना पाणी घालायला जाऊ लागलो.

गेल्या आठवड्यात मास्तरांच्या घरी षष्ट्यब्दीपूर्तीची तयारी चालली असताना मुत्तय्या आले. केळीच्या पानात गुंडाळलेली पहिल्या खुडणीची पाने पुढे ठेवून, "पोडुंग, अय्या," एवढेच तमिळमध्ये म्हणाले; म्हणजे विडा घ्या. मास्तरांनी सावकाश चुना लावला, सुपारी घातली, घडी घातली, आणि तो पहिला विडा माझ्या हातावर ठेवला.

परमेश्वराने मास्तरांना शंभर वर्षांचे आयुष्य द्यावे, दात शाबूत ठेवावेत, आणि मुत्तय्यांच्या मळ्यातले पान त्यांना रोज लाभावे. पाटाचे आम्ही पाहू.