रडारला न दिसणारं कापड

थोरल्याने लांबचं दाखवणारं रडार निवडलं, धुक्यात जहाजं आधीच कळावीत म्हणून. ते बसवायला मिस्त्री आमच्या बोटीच्या डोलकाठीवर चढला. तिथे माझ्या बायकोने गेल्या नारळी पुनवेला मला बांधायला लावलेलं लाल कापड आहे. ती गेली, कापड विटलं.

थोरला म्हणाला, "बाबा, ते सोडूया? रडारच्या आड येईल."

मिस्त्री वरून हसला. "छे! रडारला लोखंड दिसतं, डोंगर दिसतो. कापड त्याला दिसतच नाही."

घरी येणाऱ्यांचंही तसंच आहे. तिची फणी अजून खिडकीत आहे. लोक त्या फणीवरच चहाचा कप ठेवतात.

मी ओरडलो, "मिस्त्री, वर आहेस तर त्या कापडाची गाठ आवळ. मला आता चढवत नाही."