रिकाम्या डिशमधलं डुक्कर

सदर इसम मध्यमवयीन, चष्मा लावणारे, वर्तणूक समाधानकारक. पद : संशोधन सहायक (तात्पुरते). विशेष कौशल्य : डुक्कर ओळखणे.

ओळखायचे ते स्वतः नव्हे, त्यांच्या बाटलीतलं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. ते डुकराच्या कोलॅजन या एकाच प्रथिनाला चिकटायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकायचं. बाकी जगाशी त्याला घेणं-देणं नव्हतं. एका डिशमध्ये उंदराच्या पेशींच्या घोळक्यात सहायकांनी डुकराच्या थोड्या पेशी सोडल्या होत्या. त्या महिनाभर जगल्या असं दाखवता आलं, की नोकरी कायम. घरी बायकोने नवा सोफा याच बोलीवर अडवून ठेवला होता. सासूबाई जुन्याच्या उघड्या स्प्रिंगवर बसत आणि लगेच उठून खुर्चीवर जात.

महिना झाला. डिश हिरवीगार! सहायक टेबलाटेबलावर फोटो दाखवत फिरले.

शेजारच्या सहकारी बाईंनी विचारलं, "रिकाम्या डिशला प्रतिपिंड लावून बघितलंत?"

"रिकाम्या डिशमध्ये काय बघू? माझं नशीब?"

"तसा नियम आहे हो."

"नियम नवशिक्यांना, बाई. माझा हात बसलाय."

निवड समितीच्या अध्यक्षबाईंचा हात बहुधा बसलेला नसावा. त्यांनीही रिकामी डिशच मागितली. सहायकांनी कीव केल्यासारखं हसून ती तयार केली. जेवणानंतर समितीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. डिश काठोकाठ हिरवी, आधीच्यापेक्षा झकास.

"यात पेशी किती?"

"एकही नाही, मॅडम."

"मग हे कोण चमकतंय?"

पेशी तळाला धरून राहाव्यात म्हणून डिशला जिलेटिनचा लेप देतात. सहायक तो स्वतः देत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. जिलेटिन म्हणजे उकळलेलं कोलॅजन, आणि हे डुकराच्या कातडीचं होतं. बाटलीवर तसं ठळक छापलंही होतं. प्रतिपिंडाने आपलं काम चोख केलं होतं.

घरी बायकोने दारातच गाठलं. "अहो, काय म्हणाले?"

"तंत्र फार संवेदनशील आहे म्हणाले."

"म्हणजे सोफा घ्यायचा ना?"

सहायक पाय धुवायला गेले. आतून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. मला खुर्ची बरी पडते."

इतिवृत्तात नोंद आहे : 'उमेदवाराच्या तंत्राची संवेदनशीलता उल्लेखनीय असून, नेमणुकीबाबत यथावकाश विचार व्हावा.'

डुकराच्या पेशी पहिल्याच आठवड्यात मेल्या होत्या.