ऐंशी लिटरची फेरी

कडुबा एकतीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात तापल्या लोखंडापुढं उभा होता. लाल तुकडा चिमट्यात धरायचा आणि वरून घाव पडेपर्यंत हात हलू द्यायचा नाही, हे त्याचं काम. गारखेड्यातून सायकलनं जायचा, सायकलनं यायचा. छावणीजवळच्या चढावर तो एकदाही उतरला नाही. निवृत्त झाला तेव्हा कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. सायकल स्वतःची होती, ती राहिली.

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात तो गेला एका तुटलेल्या चेनमुळं. विश्वजित नावाचा तरुण इंजिनिअर महागडी सायकल घेऊन नगर नाक्यावर अडकला होता. कडुबानं दगड आणि खिळा घेऊन दहा मिनिटांत कडी बसवून दिली. विश्वजित खूश झाला, नंबर घेतला, ग्रुपात टाकलं.

तिथं रोज सकाळी बडबड सुरू व्हायची. "आज पंचवीस किलोमीटर!" "नळ आला का कुणाकडं?" "आमचा आज सहावा दिवस." "टँकरवाला फोन उचलत नाही यार." "दुष्काळाची बातमी वाचली का?" "सकाळी सकाळी रडगाणं नको." त्याखाली हापूसच्या पेटीचा फोटो. कडुबा बोट फिरवत सगळं वाचायचा. लिहायचा नाही.

२०१६चा मे होता. गल्लीतली बोअर मार्चमध्येच आटली होती. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस कडुबा बीड बायपासच्या पलीकडं, सखारामच्या विहिरीवर जायचा. सखारामनं जमीन प्लॉटिंगवाल्याला विकली होती; विहीर अजून उघडी होती आणि तळाला पाणी होतं. कॅरिअरवर आडवी पहार बांधायची, दोन्हीकडं वीस-वीस लिटरचे दोन-दोन कॅन लटकवायचे. ऐंशी लिटर. वर बसता येत नाही. हँडल धरून ढकलत आणायचं. सकाळी दोन फेऱ्या. त्यातले दोन कॅन शेजारच्या चंपाबाईला, तिचं कुणी नव्हतं.

त्या महिन्यात ग्रुपात स्पर्धा लागली, सर्वांत जास्त किलोमीटर कुणाचे. कडुबाच्या मुलीनं, सायलीनं, त्याच्या फोनमध्ये अंतर मोजणारं अॅप टाकून दिलं. संध्याकाळी त्यात आलं : सायकल शून्य, चालणे अकरा किलोमीटर.

हिशेब मधुसूदन ठेवत होते, निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी लिहिलं, "कडुबाराव, चालणे धरता येत नाही. नियम आहे."

स्वरदा नावाची डॉक्टरीण म्हणाली, "काका, सायकलला फिरायला नेता का?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

कडुबाची कानशिलं तापली. तो एकेक अक्षर दाबत उत्तर लिहीत बसला. 'ऐंशी लिटर' एवढं लिहून होईस्तोवर पोरं पोहे कुठं चांगले मिळतात यावर गेली होती. त्यानं लिहिलेलं पुसलं.

गुरुवारी विश्वजितनं फोटो टाकला. "मित्रांनो, प्लॉट घेतला! रविवारची राइड इकडंच. सोमवारी मुरूम येतोय, जुनी विहीर बुजवून टाकतो. नाश्ता माझ्याकडून."

अंगठ्यांवर अंगठे पडले. कडुबानं फोटो डोळ्यांजवळ नेला. तिसरी पायरी तुटलेली. तिच्यावर पाय टाकून तो रोज पोहरा ओढत होता.

लिहायला वेळ लागतो म्हणून त्यानं आवाज भरून पाठवला. "साहेब, मी कडुबा. ती हीर बुजवू नका. आमची गल्ली त्याच्यावर जगती. पाऊस यायला अजून महिना हाय."

मधुसूदन : "ग्रुप फक्त सायकलिंगसाठी आहे. खासगी विषय खासगीत."

विश्वजित : "काका, जागा माझी आहे. आणि तुमच्याकडं टँकर येतो ना?"

कडुबानं फोन आपटायला उचलला. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, हात धरला. "फोन फोडून पाणी येतं व्हय? बोला की काय बोलायचं ते."

त्यानं पुन्हा आवाज भरला. "रविवारी या. नाश्ता मागून. आधी माझ्यासंगं एक फेरी मारा, मंग काय बुजवायचं ते बुजवा."

रविवारी आठजण विहिरीवर आले. रंगीत कपडे, काळे चष्मे. कडुबानं कॅन पुढं केले, तर एकाही सायकलीला कॅरिअर नव्हतं.

"एवढ्या लाखाच्या गाड्या," कडुबा म्हणाला, "आन एक घागर नेता येत नाय?"

विश्वजित चिडून म्हणाला, "द्या तुमची सायकल इकडं."

"आधी पाणी काढा."

पोहरा नऊ वेळा खाली गेला. पाचव्या ओढीला विश्वजितच्या तळहाताची कातडी सोलली. कडुबानं मदत केली नाही. कॅन भरले, पहारेला टांगले. बायपासच्या चढावर विश्वजितचे बूट घसरायला लागले. तोल गेला, सायकल आडवी झाली, एका कॅनचं झाकण उडालं.

"झाकण लाव आधी! सायकल मरू दे!" कडुबा ओरडला. साहेब, तुम्ही, सगळं गळून पडलं. "हात घाल! तोंडावर हात घाल!"

वाचलं नाही. वीस लिटर मुरमात गेले. स्वरदानं तेवढ्यात फोटोसाठी फोन वर केला होता. कडुबानं तिच्याकडं असं पाहिलं की तो तिनं पिशवीत टाकला.

घराच्या दारात चतुराबाईनं कॅन पाहिले. "तीनच?" विश्वजितनं मान खाली घातली. त्याला दम लागला होता, म्हणून तिनं तांब्या दिला. तो अर्धा प्याला आणि उरलेलं सवयीनं पायरीबाहेर ओतायला लागला. कडुबानं मनगट धरलं. तांब्या काढून घेतला, आत नेऊन माठाच्या झाकणावर ठेवला.

विश्वजित तिथंच उभा राहून फोनवर बोलला. "मुरूम उद्या नको. पाऊस पडल्यावर बघू." मग कडुबाकडं वळला. "पावसापर्यंत राहू देतो, काका."

"आन पुढच्या उन्हाळ्यात?"

सोललेला हात चोळत विश्वजित गेला.

ग्रुपात दुपारी फुलांचा पाऊस पडला. "विश्वजित, सलाम!" "माणुसकी!" मधुसूदननी लिहिलं, "आजचा हिशेब पाठवा." विश्वजितनं आपल्या अॅपचा फोटो टाकला. परतीच्या वाटेचं त्यात लिहिलं होतं : चालणे, पावणेतीन किलोमीटर. नियमावर कुणी काही बोललं नाही.

कडुबानं ते वाचलं तेव्हा तो सांडलेल्या कॅनची जादा फेरी करून आला होता. सलाम कुणाला आणि कशाला, हे त्याला समजेना. एकतीस वर्षांत हातातलं काम खाली पडलं म्हणून त्याला कुणी फुलं दिली नव्हती.

सोमवारपासून त्यानं एक काम धरलं. विहिरीवर गेलं की तुटक्या पायरीवर उभं राहून आत फोटो काढायचा आणि ग्रुपात टाकायचा. खाली एकच ओळ, बोटानं दाबून दाबून लिहिलेली. "पाणी सात हात." दुसऱ्या दिवशी, "पाणी सात हात." आठवड्यानं, "सहा."

ग्रुप सायकलिंगसाठी आहे, असं मधुसूदननी एकदा लिहिलं. कडुबानं दुसऱ्या दिवशीही फोटो टाकला.